सापडला एकदाचा!

आज स्वारगेटहून वारज्याला येताना बस ट्रॅफिकमध्ये अडकली, मग मोबाईलवर हिडन फोक्स काढला. २०१७ चा गेम, चित्रात लपलेली माणसं नि वस्तू शोधायचा, अख्खा हाताने काढलेला, काळापांढरा, आणि आवाज सगळे तोंडाने काढलेत, इतकं गोड वाटतं ऐकायला! टायमर नाही, पॉइंट नाहीत, झुडपं कापा, तंबू उघडा, दारं आपटा, निवांत शोधत बसा. मला असेच गेम आवडतात. नाहीतर काही गेममध्ये दर दोन मिनिटाला जाहिरात, वर एनर्जी संपली म्हणे आता थांबा, आणि वस्तू अशी अंधारात कोंबलेली की सापडली तर नशिबाने, ह्याला कोडं नाही म्हणत हो. शेजारच्या काकूपण डोकावून शोधायला लागल्या, शेवटचा माणूस त्यांनीच दाखवला, डेक्कन येता येता.