तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीएफएक्स मी कुठे शिकले?

व्हीएफएक्स म्हणजे चित्रित झालेल्या दृश्यात नंतर संगणकावर केलेली करामत. कॉलेजांमध्ये बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. मुलं विचारतात, पालक त्याहून जास्त विचारतात. "मॅडम, कोर्स कुठे केलात? फी किती होती?" मी मुंबईत कंपोझिटर आहे. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी चित्रित झालेल्या गोष्टी एका फ्रेममध्ये अशा बसवायच्या, की त्या एकाच उजेडात घडल्यासारख्या वाटाव्यात, हे माझं काम. कोर्स मी नंतर केला. शिकले मात्र २०१३ साली, कोल्हापुरात, एका गाण्याच्या व्हिडिओवर.

गाणं वर्गमैत्रिणीचं. आजीच्या ओव्यांवरून तिनं चाल बांधली होती, लांबी ३ मिनिटं ४० सेकंद. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटाच्या पायऱ्या पणत्यांनी भरून जातात, पाण्यातही दिवे सोडलेले असतात. शेवटच्या कडव्याला हे पाण्यातले दिवे अलगद उचलले जाऊन आभाळात जातात, अशी आमची कल्पना होती. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका काकांकडून एका दिवसाच्या बोलीवर आणला. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर तेव्हाही फुकटच होतं, आणि त्यात कॅमेरा ट्रॅकिंगची सोय येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

ट्रॅकिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कॅमेरा हातात धरला की चित्र हलतं. त्यात नंतर घातलेला दिवा तसाच, तितकाच हलला नाही तर तो काचेवर चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून चित्रातले काही ठिपके फ्रेम-फ्रेम पकडून सॉफ्टवेअर कॅमेरा कसा फिरला ते शोधून काढतं. ब्लेंडरला त्यासाठी निदान ८ ठिपके लागतात. मी ४० दिले. सगळे चकचकीत, ठळक, सहज पकडले जाणारे. तरीही हिशेबातली चूक ७ पिक्सेलच्या खाली येईना. ती एका पिक्सेलच्या आत यायला हवी. चार रात्री मी आकडे बदलत बसले. पाचव्या रात्री शॉट नुसताच पाहत होते, तेव्हा लक्षात आलं की माझे निम्मे ठिपके पाण्यातल्या प्रतिबिंबांवर आहेत. प्रतिबिंब एका जागी कधी नसतं. पाणी हललं की तेही हलतं. ते सगळे ठिपके पुसले आणि घाटाच्या दगडी पायऱ्यांचे कोपरे धरले. चूक उतरली, पण पुरती नाही, कारण सॉफ्टवेअरला झूमचा आकडाही लागतो, आणि तो शूटच्या वेळी कुणीच लिहून ठेवला नव्हता. अंदाजाने एकेक आकडा टाकत गेले. पुन्हा जाऊन शूट करावं म्हटलं तर त्रिपुरी पौर्णिमा वर्षातून एकदाच येते.

पणत्यांच्या ज्योती खऱ्याच वापरल्या. अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडासमोर १२ पणत्या एकेक करून चित्रित केल्या. काळ्यावरचा उजेड दुसऱ्या चित्रात मिसळता येतो, काळं आपोआप नाहीसं होतं. त्याच १२ ज्योती वेगवेगळ्या क्षणापासून सुरू करून शंभरभर दिव्यांना लावल्या, म्हणजे दोन दिवे एकाच ठेक्यात फडफडणार नाहीत.

पहिला रेंडर, म्हणजे सगळं एकत्र करून संगणकाने बनवलेला व्हिडिओ, मित्रमंडळींना दाखवला. सगळे छान छान म्हणाले. ढोलकी वाजवणारा मित्र मात्र गप्प होता. मग म्हणाला, "दिवा वर गेला, ते बरोबर हाय. पण पाण्यातला दिवा तिथंच की गं अजून."

मी ते पाहिलंच नव्हतं. दिवा पाण्यापासून वर गेला की त्याचं प्रतिबिंब तितकंच खाली जायला हवं. भोवतालच्या ओल्या दगडावरचा पिवळा उजेड मंदावायला हवा. मैत्रिणीच्या गालावर खालून पडलेला उजेड दिव्याबरोबर वर सरकायला हवा. पुढचे तीन आठवडे मी एवढंच केलं: दिव्याला हात न लावता, दिव्यामुळे आजूबाजूला काय बदलेल ते. आजही समोर शॉट आला की मी आधी हेच शोधते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांबद्दल तेव्हा मी नव्याने वाचलं. मुळात नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस सिनेमाकडे वळला आणि त्याने स्वतःचा कॅमेरा घडवला. उजेड कुठून येतो हे आधी हाताला कळलेला माणूस. म्हणून मुलांना मी चित्रं काढायला सांगते, वाईट आली तरी.

क्लोजअप आम्ही गच्चीवर घेतले, मांडववाल्याकडच्या हिरव्या कापडासमोर, म्हणजे मागचं हिरवं नंतर पुसून तिथे दुसरं चित्र बसवता येतं. बरेच जण विचारतात, हिरवंच का? कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेड टिपणारे निम्मे बिंदू हिरव्यासाठी असतात, तो रंग सर्वांत स्वच्छ टिपला जातो. आणि आमच्या मैत्रिणीच्या हातात हिरवा चुडा होता. ओवी सासुरवाशिणीची, चुडा हवाच, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. क्रोमा, म्हणजे तो हिरवा रंग, काढला आणि कापडाबरोबर चुडाही गेला. मनगट मधेच कापल्यासारखं. २१२ फ्रेम मी बांगड्यांची कड हाताने आखली, एकेक फ्रेम. शिवाय ती कापडापासून हातभर अंतरावर उभी होती, त्यामुळे हनुवटीखाली हिरवी झाक. सहा-आठ फूट पुढे उभी केली असती तर ती आली नसती. केसांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत होत्या. कारण फाइल १९२० बाय १०८० पिक्सेलची, पण त्या कॅमेऱ्यात रंगाची माहिती फक्त ९६० बाय ५४० एवढीच साठवली जात होती. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरून गेले असते.

सरावासाठी तयार मिळणारे शॉट कुणीतरी जाणत्याने घेतलेले असतात. उजेड बरोबर, लेन्सचे आकडे लिहिलेले, कापडाला एक चुणी नाही. त्यावर बटणं कळतात. माझ्या शॉटमधली प्रत्येक चूक मीच गच्चीवर किंवा घाटावर केलेली होती आणि मलाच निस्तरायची होती. आणि गाणं असल्यामुळे ते सोडून देता येत नव्हतं. मैत्रीण दर रविवारी विचारायची, "कितवं कडवं?"

फीबद्दल विचारलंत, तर माझं एवढंच सांगणं आहे: भरण्याआधी चार महिने द्या. गाणाऱ्या मित्राचं एक कडवं घ्या, मिनिटभराचं. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने तेच १५०० फ्रेम होतात, पहिल्या वेळेला ते भरपूर आहे. ब्लेंडर घ्या, शिवाय दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन हे चित्रं एकत्र बसवायचं साधनही मिळतं. कॅमेऱ्यातलं सगळं ऑटो बंद करा. वही जवळ ठेवा, लेन्स आणि झूमचा आकडा, कॅमेऱ्याची उंची, उजेड कोणत्या बाजूने होता ते शॉटगणिक लिहा. आणि पहिला रेंडर झाला की तो संगणकातलं काही न कळणाऱ्या माणसाला दाखवा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.