फळ्यावरच्या खालच्या ओळी

‘एवढ्या थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या असताना तुम्ही फळ्यावर सिनेमा, नाटक, क्रिकेटच्या गमती का लिहिता?’ आमच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे, आणि हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. परवा पुस्तक बदलायला आलेल्या एका काकांनी पुन्हा विचारला. काका, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

जयंत्या मी गाळत नाही. त्या वरच असतात, ठळक अक्षरात. गंमत खाली असते. पण माणसं रेंगाळतात ती खालच्या ओळींपाशी, आणि मला त्याचा फार आनंद होतो. थोरांना हार घालायला, त्यांच्यावर भाषणं करायला पुष्कळ जण आहेत. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात रुपया मोजून ल्युमिए बंधूंची हलती चित्रं बघायला गेलेल्या लोकांची आठवण कोण काढणार? त्या चित्रांत स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. खरी आगगाडी तर १६ एप्रिल १८५३ पासून, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, बोरीबंदरहून सुटत होती. तरीही पडद्यावरची गाडी बघायला माणसं पैसे देऊन गेली! इतिहासातला हा कुतूहलाचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो.

३ मे ही तर माझी लाडकी तारीख. १९१३ साली त्या दिवशी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. निमंत्रितांना तो २१ एप्रिललाच दाखवला होता, त्यामुळे ‘पहिला दिवस’ कोणता यावर फळ्यासमोर दरवर्षी वाद होतो. मी ३ मे धरते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने पाहिला तेव्हाच सिनेमा प्रदर्शित झाला, असं माझं ठाम मत आहे. पण त्या ओळीत मी फाळक्यांच्या बरोबरीने अण्णा साळुंके लिहिते. बाई मिळेना म्हणून तारामती झालेला हा माणूस खाणावळीत स्वयंपाक करायचा. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच! शाळेतली मुलं हे वाचून आधी हसतात आणि मग विचारतात, ‘मग दोघं समोरासमोर आले की काय करायचे?’ या प्रश्नासाठी मी रोज खडू हातात घ्यायला तयार आहे.

१ एप्रिलला सगळ्यांना फजितीचे किस्से हवे असतात. मी लिहिते गीतरामायण. १९५५ साली रामनवमी नेमकी १ एप्रिलला आली आणि पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला एक, वर्षभर, म्हणजे बावन्न गीतं व्हायची. पण त्या वर्षी अधिकमास आला आणि गदिमा-बाबूजींची गीतं छप्पन्न झाली. पंचांगाने आपल्या पदरात चार गाणी जास्तीची टाकली, याहून गोड दिनविशेष मला तरी ठाऊक नाही. त्या दिवशी वयस्कर सभासद फळ्यासमोर उभे राहून, कुणाच्या घरी रेडिओ होता आणि कोण कोण जमायचं ते सांगतात. एक आजी तर गुणगुणायलाच लागतात.

आणि १८ जून. १९८३ च्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे १७ धावांत ५ गडी बाद झाले होते. तिथून कपिल देवने नाबाद १७५ धावा केल्या. या खेळीचं टीव्हीवरचं चित्रण नाही. २५ जूनचा अंतिम सामना सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलाय, तो लिहायची गरजच पडत नाही. जे पाहता येत नाही ते सांगावं लागतं, म्हणून १८ जून मी कधीच चुकवत नाही.

निवड कशी करता, हेही विचारलंत. मोबाइलवर फिरत आलेलं काही मी तसंच उतरवत नाही. तारखेची खात्री पटली नाही तर ओळ थांबते, मग ती कितीही मजेशीर असो. तिथी आणि तारीख यांची गल्लत तर अजिबात खपवून घेत नाही. लोक त्या फळ्यावर विश्वास ठेवतात. आणि कुणाच्या दुःखाची, अपघाताची गंमत होऊ देत नाही.

राहिला २९ फेब्रुवारी. त्या दिवशी मोरारजी देसाईंचा जन्म, साल १८९६. ते १९९५ पर्यंत जगले, तर त्यांचे खरे वाढदिवस किती झाले, असं मी मुलांसाठी लिहून ठेवते. बहुतेक जण चोवीस म्हणतात. उत्तर तेवीस आहे, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पुढची २९ फेब्रुवारी २०२८ ला आहे. काका, तुमच्या नातीला घेऊन या, पण उत्तर आधी सांगू नका.