मागोमे ते त्सुमागो: एकट्याने, एका दिवसात

जपानमधल्या मागोमे आणि त्सुमागो या जुन्या वाटेवरच्या दोन मुक्कामी गावांमधली डोंगरवाट चालायची ही सहल. तिचं वेळापत्रक शेवटाकडून आखायचं. आधी त्सुमागोजवळच्या नागिसो स्टेशनवरून परतीची गाडी ठरवा, मग सकाळ. नागिसोहून नाकात्सुगावाकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढचीसाठी कधी तास, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. सोबत कुणी असेल तर तो तास गप्पांत जातो. एकट्याला तो लांबच लांब वाटतो, आणि थंडीत तर फारच.

जाताना नागोया शहराहून जेआर रेल्वेच्या चुओ लाइनने नाकात्सुगावा, म्हणजे मागोमेजवळचं स्टेशन. ‘शिनानो’ एक्स्प्रेसने साधारण ५० मिनिटं, जलद लोकलने सव्वा तास. लोकलला जादा आकार नाही, त्यामुळे घाई नसेल तर लोकलच बरी. मात्र तोक्योहून निघून त्याच दिवशी परत यायचं असेल तर एक्स्प्रेसला पर्याय नाही. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनने नागोयापर्यंतच पावणेदोन तास जातात. नाकात्सुगावा स्टेशनसमोरून मागोमेची बस मिळते, अर्ध्या तासाचा रस्ता. चढताना मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची. उतरताना समोरच्या फलकावर त्या नंबराखाली जो आकडा दिसेल तेवढे पैसे पेटीत टाकायचे. सुट्टे नसतील तर ड्रायव्हरजवळच्या मशीनमध्ये हजाराची नोट मोडते. दहा हजाराची घेऊन उभं राहू नका.

लोक हमखास फसतात ते प्रवासाच्या कार्डावर. नागोयात टॅप करून चढलात आणि नाकात्सुगावाला उतरलात तर काहीच अडचण नाही. पण नागिसो त्या कार्डाच्या हद्दीत धरू नका. तिथे कार्डाने बाहेर पडायची सोय नसली की पैसे रोख भरा, आणि कार्डात अडकलेली नोंद नंतर दुसऱ्या स्टेशनवर जाऊन काढून घ्या, असा दुहेरी ताप होतो. परतीला सरळ कागदी तिकीट काढावं.

आता दिशा. मागोमे साधारण ६०० मीटर उंचीवर, मधली खिंड ७९० मीटर, त्सुमागो ४२० मीटर. म्हणजे मागोमेकडून निघालात तर चढ १९० मीटर आणि उतार ३७०. उलट निघालात तर नेमकं उलटं. अंतर ८ किलोमीटर, थांबत थांबत तीन तास. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र उतारच जास्त त्रास देतो, तेव्हा काठी घ्या. चढ नकोच असेल तर मागोमेहून त्सुमागोमार्गे नागिसोला जाणारी बस खिंडीतही थांबते. दिवसाला फेऱ्या थोड्याच. स्टॉपवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

मागोमे म्हणजे एकच फरसबंदी चढण, दोन्ही बाजूंना घरं आणि पन्हळीतून खळखळणारं पाणी. खालच्या टोकाला पाणचक्कीजवळ वाट काटकोनात वळते. शत्रू सरळ गावात घुसू नये म्हणून मुद्दाम केलेलं हे वळण. तसंच त्सुमागोतही दिसेल. घरं मात्र जुनी समजू नका. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव जळलं, आज दिसतं ते नंतर उभारलेलं. म्हणून इथे तासापेक्षा जास्त रेंगाळू नये, वेळ त्सुमागोसाठी राखावा. वरच्या टोकाला पोचल्यावर मागे वळून २,१९१ मीटरचा एना पर्वत तेवढा पाहून घ्या.

खिंडीपर्यंत वाट डांबरी रस्ता पुन्हा पुन्हा ओलांडते, खुणेचे खांब चुकवू नका. जागोजागी घंटा टांगलेल्या आहेत, अस्वलांसाठी. गप्पा मारत जाणारा घोळका अस्वलाला लांबूनच कळतो. एकटा, मुकाट चालणारा माणूस मात्र वळणावर एकदम समोर येतो. त्यामुळे प्रत्येक घंटा जोरात वाजवायची. पिशवीला लावायची छोटी घंटा माहिती केंद्रात मिळते. इयरफोन कानात नकोतच.

खिंड ओलांडली की थोड्या वेळात जुनं चहाघर लागतं. चहा फुकट, पेटीत स्वखुशीने काही टाकावं. पुढे जंगलात सरळसोट हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रसची झाडं दिसतात. एदो काळात (१६०३ ते १८६८) हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला इथल्या सत्ताधारी ओवारी सरदारांची सक्त बंदी होती. ‘एका झाडाला एक मुंडकं’ असं म्हणत. पुढे वाटेपासून थोडं खाली उतरलं की ओदाकी-मेदाकी, नर आणि मादी धबधबे. पावसाळी जूनमध्ये आणि पानगळीत या उतारावरचे दगड शेवाळाने निसरडे होतात, गुळगुळीत तळव्याचे बूट चालत नाहीत.

त्सुमागो. १९११ मध्ये चुओ लाइन पूर्ण झाली, ती नदीच्या खोऱ्यातून गेली. त्सुमागो बाजूला पडलं आणि ओस पडू लागलं. १९६८ पासून घरांची डागडुजी सुरू झाली, १९७१ मध्ये गावकऱ्यांनी नियम केला: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. म्हणूनच रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा गाड्याही नाहीत. पैसे देऊन एकच काही पाहायचं तर वाकी-होन्जिन, म्हणजे बड्या प्रवाशांसाठीचा दुय्यम वाडा. सध्याची इमारत १८७७ ची, पूर्ण हिनोकीची. सरदारांची बंदी उठल्यावरच असं बांधता आलं. मधल्या चुलाणाच्या धुराने खांब काळेभोर झालेत, आणि थंडीच्या दिवसांत जाळीतून तिरपी उन्हं आत उतरतात ते बघावं.

खाण्याचं: गोहेई-मोची घ्याच. अर्धवट कुटलेला भात काडीवर थापून, अक्रोड, तीळ आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात. सोबा, म्हणजे कुट्टूच्या नूडल्स, दिसायला शाकाहारी, पण रश्श्यात सुक्या माशाचा अर्क असतो. कोरडा सोबा मागवला तरी बुडवायच्या रसात तोच. सप्टेंबरनंतर गेलात तर नाकात्सुगावाचा कुरिकिन्तोन, म्हणजे चेस्टनटचा मऊ गोळा, चुकवू नका. रोख ठेवा, आणि कचऱ्यासाठी पिशवी.

दुकानं चारच्या सुमारास आवरू लागतात. नोव्हेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, दरीत त्याआधीच अंधारतं. त्सुमागोहून नागिसोची बस चुकली तर स्टेशन चालत तासाभरावर आहे, बहुतेक उतारच. गाडीला वेळ असेल तर स्टेशनजवळ किसो नदीवर मोमोसुके पूल आहे: १९२२ चा, २४७ मीटर लांब, लाकडी झुलता पूल. जाऊन येऊन अर्धा तास पुरतो.