एका टेबलावर रिटर्न, दुसऱ्या टेबलावर हमीपत्र

नागपूरच्या नंदनवन भागात माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. एकच गाळा, मधे प्लायवूडची अर्धी भिंत. अलीकडे मी रिटर्न भरते, पलीकडे माझी भाची झेरॉक्स, पॅनकार्ड, दाखल्यांचे अर्ज असली कामं बघते. २०२४च्या जुलैत तिच्याकडे लाडकी बहीण योजनेची गर्दी उसळली आणि माझ्याकडे नेहमीची, ३१ जुलैच्या रिटर्नच्या मुदतीची. योजनेची मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली होती, पण बायकांचा त्यावर काडीचा भरवसा नव्हता. फॉर्मचे पैसे आम्ही घेत नव्हतो, फक्त झेरॉक्सचे घेत होतो. त्यामुळे ३१ जुलैला दोन्ही रांगा दाराबाहेर जाऊन एकमेकींत मिसळल्या.

श्रीमंताचं घेऊन गरिबाला द्यावं की नाही, यावर पक्षकारांची मतं मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. पण घेणारे आणि देणारे (निदान स्वतःला देणारे समजणारे) एकाच पंख्याखाली बसलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अर्थशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला मेल्टझर आणि रिचर्ड यांचं १९८१ सालचं मॉडेल शिकवलं होतं. ज्याची कमाई सरासरीपेक्षा कमी, तो वाटपाच्या बाजूने. ज्याची जास्त, तो विरोधात. बहुतेक मतदार सरासरीच्या खालीच असतात, म्हणून मतपेटीतून वाटपाची मागणी वाढत जाते. कागदावर चोख वाटतं. माझ्या गाळ्यात ते दुपारपर्यंतही टिकलं नाही.

सकाळी आले ते अनुदानित शाळेतले सर, मूळचे काटोलकडचे. फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, टेबलावर ठेवत त्यांनी पलीकडे नजर टाकली. “फुकटाची सवय लावून राहिलं ना सरकार, मॅडम.”

मी विचारलं, “आणि कर्जमाफी?” २०१७च्या माफीत मर्यादा दीड लाखांची होती, २०१९च्या माफीत दोन लाखांची. त्यांच्या धाकट्या भावाला दुसरी मिळाली होती, हे मला ठाऊक होतं.

“ते वेगळं. संत्र्याचा आंबिया बहार गळून गेला तर त्यात भावाचा काय दोष?”

त्यांच्या फॉर्म १६वर व्यवसाय कराची ओळ होती. अडीच हजार रुपये. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. हा कर कशासाठी आला होता हे आज फारसं कुणाला आठवत नाही. महाराष्ट्राने तो १९७५ साली आणला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून काढून खेड्यातल्या मजुराच्या हातात द्यायचे, इतकं सरळ. सरांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “ते बरोबर होतं. ते लोक उन्हात गिट्टी फोडायचे हो. आमच्या आजीने फोडली आहे.”

मला वाटतं, सरांची मोजपट्टी रुपयांची नव्हतीच. भावाला दोन लाख मिळाले ते चाललं, कारण ती निसर्गाची मार होती. मजुराला मिळालं ते चाललं, कारण घाम दिसत होता. पलीकडच्या बाईचे पंधराशे चालेनात, कारण तिच्या गरिबीचं कारण त्यांनी पाहिलेलं नव्हतं. क्रिस्टिना फाँग या अभ्यासक बाईंनी २००१ साली अमेरिकेतल्या सर्वेक्षणावरून हेच दाखवलं होतं: माणूस गरीब का राहतो, नशिबाने की आळसाने, याबद्दलची समजूत वाटपाविषयीचं मत ठरवते, आणि स्वतःची कमाई बाजूला काढली तरी तो परिणाम उरतो. काटोलच्या सरांना अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं, तरी उत्तर तेच आलं.

दुपारी पलीकडे आवाज चढला. खासगी बालवाडीत शिकवणारी एक बाई होती, नवरा मेडिकल दुकानात कामाला. दोघांची कमाई मिळून दोन लाख बहात्तर हजार. योजनेची मर्यादा अडीच लाख. रेशन कार्ड पांढरं, म्हणजे उत्पन्नाचा दाखला हवाच, आणि दाखला काढला तर त्यातच अपात्र. तिचा राग सरकारवर नव्हता. बाहेर मोठ्या गाडीतून उतरलेल्या माझ्या एका पक्षकाराकडे तर तिने पाहिलंही नाही. राग होता बाकावर बसलेल्या, तिच्याच गल्लीतल्या बाईवर.

“हिच्या घरी दोन कूलर, पोराले बुलेट, अन् कार्ड केसरी!”

“बुलेट हप्त्यावर हाय वो ताई,” बाकावरून उत्तर आलं.

“मंग हप्ता कुठून भरता?”

भाचीने दोघींना पाणी दिलं. केसरी कार्ड नियमाने एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला. हे तीन रंग १९९९ पासूनचे आणि तेव्हापासून कित्येक घरांची कमाई बदलली, कार्डाचा रंग तसाच राहिला. योजनेने पिवळ्या आणि केसरी कार्डावर दाखला माफ केला, म्हणजे नवीन पैसा जुन्या रंगावर वाटला. हे मला आजही पटत नाही. पण बालवाडीच्या बाईंचं पुढचं वाक्य मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “मले नाही तं नाही, पण मंग कोणालेच देऊ नका.”

अमेरिकेत २०१४ साली एका अभ्यासात दिसलं होतं की किमान वेतन वाढवायला सगळ्यात कमी पाठिंबा कुणाचा, तर किमान वेतनापेक्षा जेमतेम थोडं जास्त कमावणाऱ्यांचा. खालचा वर सरकला की आपण शेवटचे ठरू, ही भीती. रेषेच्या बावीस हजार वर असलेल्या बाईंना कोट्यधीश दिसत नव्हता, शेजारीण दिसत होती. रेषा आखली की तिच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांचे हिशेब काढू लागतात. रेषा आखणारा लांब असतो.

साडेचारच्या सुमारास इतवारीतले किराण्याचे ठोक व्यापारी आले, सुनेचं रिटर्न घेऊन. त्यांचं स्वतःचं ऑडिटचं प्रकरण ऑक्टोबरपर्यंत चालतं. माझ्या पक्षकारांत सगळ्यात जास्त कर तेच भरतात. एम.ए.च्या पुस्तकानुसार सगळ्यात जास्त चिडायला हवं होतं त्यांनीच. ते आरामात बसले.

“देऊ द्या जी. पंधराशे रुपये काय बँकेत राहतात? पोळा, गणपती, महालक्ष्म्या. तेल, साखर, रवा घ्यायला शेवटी कुठे येईल हा पैसा?”

मग मी सहज वारसा कराचा विषय काढला. लोकसभेच्या प्रचारात एप्रिलमध्ये त्यावर रान उठलं होतं. काका खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या वडिलांच्या काळात आपल्याकडे इस्टेट ड्यूटी होती, १९५३ ते १९८५. सगळ्यात वरचा दर ८५ टक्के. “ते नाव काढू नका. दुकान चालवतो कोणासाठी मग?” पैसा वाटला तर हरकत नाही, तो फिरून गल्ल्यात येतो. मुलाकडे जाणाऱ्या इमारतीला मात्र कुणी हात लावायचा नाही. काका उदार होते, पण कोणत्या खिशातून उदार व्हायचं ते त्यांनी नक्की ठरवलेलं होतं.

दिवे लागल्यावर तो मुलगा आला. हिंगणा एमआयडीसीतल्या कंपनीत तीन-चार वर्षं झालेली, अजून लग्न व्हायचं. हेल्मेट मांडीवर, नजर पलीकडच्या रांगेवर. “आमच्या टॅक्सवर मजा आहे लोकांची.”

मी त्याचंच रिटर्न उघडलं होतं. पगार सहा लाख चाळीस हजार. त्याशिवाय वडिलांनी त्याच्या नावावर ठेवलेल्या एफडीचं अठ्ठेचाळीस हजार व्याज. नव्या करप्रणालीत त्या वर्षी पन्नास हजारांची प्रमाणित वजावट होती, आणि सात लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नाला पूर्ण सूट. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. देय कर शून्य. बँकेने व्याजावर कापलेले चार हजार आठशे परत मिळणार.

“पण कंपनी कापते ना काहीतरी दर महिन्याला?”

“तो प्रॉव्हिडंट फंड. तुमचाच पैसा. अन् दोनशे रुपये व्यवसाय कर.”

तो थोडा थांबला. “पण दोन वर्षांत मी तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाणार ना.” हे तो गमतीने म्हणाला नाही. बेनाबू आणि ओक या अर्थतज्ज्ञांनी २००१ साली गणिताने मांडलेली गोष्ट माझ्यासमोर हेल्मेट घेऊन बसली होती: आज खाली असलेला माणूस वाटपाला विरोध करतो, कारण उद्याचा आपला पगार त्याने मनात आधीच घेतलेला असतो.

मग त्याला दुसरा मुद्दा सापडला. “अन् जीएसटी? तो तर मी भरतोच.”

प्लायवूडपलीकडून आवाज आला. चार घरची धुणीभांडी आटोपून थेट रांगेत आलेली बाई होती. “तो तं आमीबी भरतो ना दादा. साबण काय फुकट भेटते?”

त्या वर्षी साबण, टूथपेस्ट, बिस्किट यांवर अठरा टक्के होते. साखर आणि खाद्यतेलावर पाच. योजनेसाठी त्या अर्थसंकल्पात वर्षाला ४६ हजार कोटी धरले होते, आणि ते राज्याच्या तिजोरीतून जायचे. म्हणजे जीएसटीतला राज्याचा वाटा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क. आयकर जातो केंद्राकडे. वाटायच्या रकमेतले ४१ टक्के तेव्हा सगळ्या राज्यांना मिळायचे आणि त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. मुलाने आयकर भरला असता तरी तो बराच वळसा घालून इथे पोचला असता. साबणावरच्या जीएसटीचा रुपया मात्र अर्धा थेट मुंबईला पोचतो. मी हे सगळं त्याला सांगितलं. गर्दी असतानाही सांगितलं, कारण राहवलं नाही.

त्याने नीट ऐकून घेतलं. “तरी पण मॅडम, हे चूकच आहे.”

आकडे दाखवून मत फारसं हलत नाही, असंही अभ्यास सांगतो. कुझिएम्को आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हजारो अमेरिकनांना विषमतेची खरी माहिती दिली. विषमता ही समस्या आहे हे लोकांनी मान्य केलं, पण कोणती योजना हवी याबद्दलची त्यांची मतं जवळपास तिथेच राहिली. अपवाद मुख्यतः मालमत्तेवरच्या वारसा कराचा. इतवारीच्या काकांना हे मी कळवलेलं नाही.

रिटर्न सबमिट झालं. ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी त्याने वाचून दाखवला, पावती मोबाइलवर घेतली. उठता उठता परत बसला.

“मॅडम, माझा टॅक्स शून्य, म्हणजे घरात आयकरदाता कोणीच नाही ना? मग आईचा फॉर्म बसते का?”

“तुमचाच पगार सहा लाखांवर आहे. लग्न झालेलं नाही, म्हणजे तुम्ही त्याच कुटुंबात धरले जाता. मर्यादा अडीच लाखांची.”

“पण आमचं कार्ड केसरी आहे. दाखला लागत नाही म्हणे.”

भाचीने हातातली, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचं लिहून द्यायची हमीपत्रं ड्रॉवरमध्ये टाकली आणि आमच्याकडून होणार नाही म्हणून सांगितलं.

“बरं. अंगणवाडीत विचारून पाहतो,” तो म्हणाला.