‘हिमसागर’ पोचली

गुरुवार, रात्री साडेदहा

आज बाबांनी ‘यात्रा’चा पहिला भाग पाहिला. एकोणचाळीस वर्षं उशिरा.

१९८६ साली दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा आम्ही नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. आमच्या लायनीत टीव्ही एकाच घरी होता. ‘यात्रा’ असली की सगळी लाइन त्यांच्या पुढच्या खोलीत जमायची. रेल्वेवरची मालिका, म्हणजे आपल्या घरचीच गोष्ट. आई भाकऱ्या उरकून, पदराला हात पुसत दारापाशी टेकायची. बाबा मात्र एकदाही नव्हते. ते गार्ड. कॉलबॉय, म्हणजे ड्युटीचा निरोप आणणारा, वही घेऊन दारात आला की सही करायची, डबा घ्यायचा आणि निघायचं. मालिकेच्या वेळी ते कधी इटारसीला रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरच्या विश्रांतीच्या खोलीत, असायचे, कधी आमल्याजवळ सिग्नल मिळायची वाट बघत उभे. परत आले की आई त्यांना गोष्ट सांगायची. म्हणजे ‘यात्रा’ त्यांनी ऐकली होती, पाहिली नव्हती.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा आमच्याकडे असतात. संध्याकाळी घरात जी रोजची मालिका चालते तिच्यासमोर तेही बसतात, बहुतेक डोळे मिटून. मागच्या आठवड्यात डोळे न उघडताच म्हणाले, “पोरी, ही गाडी कुठं पोचूनच नाही राहिली. सहा महिने झाले, आउटरलाच उभी आहे.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. २०२४ साली २३ डिसेंबरला ‘यात्रा’चे दिग्दर्शक श्याम बेनेगल गेले. त्यांनी टीव्हीसाठी केलेलं काम पुन्हा बघायचं, असं मी तेव्हाच ठरवलं होतं आणि ते राहूनच गेलं होतं. आज जेवणं झाल्यावर यूट्यूबवर ‘यात्रा’ शोधली आणि मोबाइल टीव्हीला जोडला. चित्र जुनं आहे, रंग उडालेले आहेत. बाबा सरळ बसले. चष्मा पुसून पुन्हा घातला.

शनिवार

रोज एकच भाग, असं ठरलंय. बाबांचा आग्रह. “लागोपाठ गाड्या सोडल्या तर मधली स्टेशनं कळत नाहीत,” म्हणतात.

ज्यांनी ‘यात्रा’ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवते. बेनेगलांचे चित्रपट सगळ्यांना माहीत आहेत. मालिकांपैकी ‘भारत एक खोज’ माहीत आहे, त्रेपन्न भागांची. तिची शिफारस करायला मी कशाला हवी? पण तिच्या दोनच वर्षं आधीची ‘यात्रा’ मात्र लोक विसरलेत. कन्याकुमारीहून जम्मू तावीला जाणारी हिमसागर एक्सप्रेस ही तेव्हा देशातली सगळ्यांत लांब पल्ल्याची गाडी होती. मालिका तिच्यातून जाते. ओम पुरी लष्करातला गोपालन नायर आहे, दक्षिणेकडून जम्मूला निघालेला. बाकीची माणसं येतात, बसतात, बोलतात, उतरतात. कोणाची गोष्ट एका रात्रीची, कोणाची दोन स्टेशनांची. उतरलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते आपल्याला कळत नाही, कारण शेजारच्या बर्थवरच्या प्रवाशालाही ते कधी कळत नाही.

मला हे फार खरं वाटतं. आत्ताच्या मालिकेत एकदा आत आलेलं माणूस बाहेर पडतच नाही, मेलं तरी परत येतं. इथं माणूस सामान उचलतो आणि जातो. त्यामुळे तो असतो तेवढा वेळ आपण नीट बघतो त्याच्याकडे.

बाबांचं बघणं वेगळंच. गाडी वळणावर दिसली की त्यांची नजर शेवटच्या डब्यावर. ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा. तिथं त्यांची सत्तावीस वर्षं गेली. डब्यांचा तो जुना तपकिरी-लाल रंग दिसला आणि त्यांनी लाइन बॉक्समध्ये, म्हणजे गार्डच्या पेटीत, काय काय असायचं ते ओळीनं सांगितलं: लाल झेंडी, हिरवी झेंडी, हातदिवा, फटाके. फटाके म्हणजे रुळावर ठेवायचे डिटोनेटर. गाडी मध्येच बंद पडली तर मागून येणाऱ्या गाडीला सावध करायला ते लावायचे. एकदा इटारसीच्या वाटेवर धाराखोहच्या घाटात, भर पावसात, रात्री दोनला ते एकटे रुळावरून मागे चालत गेले होते फटाके लावायला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, हातात एक दिवा. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकली. आईला माहीत असावी. तिनं आम्हाला कधी सांगितली नाही.

गार्ड हा शब्दही आता गेला. २०२२पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. बाबांना ते नाव आवडतं. “गाडीचा इन्चार्ज तोच होता आधीपासून,” म्हणाले, “नाव आत्ता मिळालं.”

हिमसागर आठवड्यातून एकदाच यायची. बल्लारशाकडून नागपूर आणि पुढे इटारसी. बाबांनी ती किती वेळा नेली असेल, मोजलेलं नाही. म्हणजे तिकडे पडद्यावर आई हिमसागर बघायची आणि इकडे हे तिच्याच मार्गावर.

बुधवार

आज बाबांना ताप होता, ‘यात्रा’ नाही बघितली. मी एकटीनं ‘अमरावती की कथाएँ’चे दोन भाग बघितले. हीसुद्धा बेनेगलांचीच, नव्वदच्या दशकातली. सत्यम शंकरमंची यांच्या तेलुगू कथांवरून हिंदीत केलेली. ही अमरावती विदर्भातली नव्हे, आंध्रातली, कृष्णेच्या काठची. नाव ऐकून माझाही आधी तोच घोळ झाला होता.

देऊळ, नदी, घाट आणि छोटी माणसं. मोठं काही घडत नाही. मला आवडली, पण ही सगळ्यांना आवडेलच असं नाही सांगत. दिवसभराच्या घाईनंतर लगेच लावली तर लक्ष लागणार नाही. आधी थोडं शांत बसावं लागतं. मला एका गोष्टीचं फार बरं वाटलं. महाबळेश्वरला उगम पावून वाई, सांगली, नरसोबाची वाडी करत गेलेली आपली कृष्णा म्हातारपणी तिकडे कशी दिसते, ते पाहायला मिळालं. आणि हिमसागर ज्या विजयवाड्याला ही नदी ओलांडते तिथून अमरावती तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. नकाशा काढून बघितला तेव्हा कळलं. एकाच दिग्दर्शकानं एकदा नदी गाडीतून ओलांडली आणि काही वर्षांनी त्याच नदीच्या काठावर येऊन बसला.

पुढचे भाग बाबांसोबत बघेन.

रविवार, दुपारी

‘यात्रा’ संपली. त्याबद्दल वेगळं लिहायचंय, पण आधी ‘संविधान’.

ही माझ्या लेकीमुळे सुरू झाली. ती यंदा दहावीत. राज्यशास्त्राच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘संविधानाची वाटचाल’. ती मोठ्यानं पाठ करत होती, “दोन वर्षं, अकरा महिने आणि…” बाबा आतून म्हणाले, “अठरा दिवस.” मग ती म्हणाली, आजोबा, एवढा वेळ का लागला? तिच्या पुस्तकात त्याचं उत्तर एका ओळीत होतं. मला वाटलं, याचं खरं उत्तर दहा भागांचं आहे आणि ते माझ्याकडे आहे.

‘संविधान’ २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर आली. त्या वाहिनीवर मालिका बघायला कोण जाणार? म्हणून ती बहुतेकांच्या नजरेतून सुटली. दिग्दर्शन बेनेगलांचं, लेखन शमा झैदी आणि अतुल तिवारी यांचं. स्वरा भास्कर मधूनमधून समोर येऊन कुठे काय चाललंय ते सांगते. सचिन खेडेकर डॉ. आंबेडकर, दलीप ताहिल नेहरू, नीरज काबी गांधीजी, टॉम ऑल्टर मौलाना आझाद. पण नटांची नावं वाचून ही मालिका लावू नका. भांडण बघायला लावा.

हो, भांडणच. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा पहिल्यांदा बसली तेव्हा फाळणी झालेली नव्हती. काम चालू असताना देश तुटला, दंगली झाल्या, गांधीजी गेले, आणि तरी ही माणसं पुन्हा त्याच बाकांवर येऊन बसत राहिली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आकडा ऐकून बाबा टीव्हीपासून नजर न हटवता म्हणाले, “अन् सगळ्या ऐकल्या?” हो बाबा, ऐकल्या. काही स्वीकारल्या, बऱ्याच फेटाळल्या, पण बोलू दिलं.

मला वाटतं, या दोन मालिकांना जोडणारं हेच आहे. दोन्हीत एक बंद जागा आहे, एकीकडे डबा, दुसरीकडे सभागृह. त्यात एकमेकांना न निवडलेली माणसं कोंबलेली आहेत. भाषा वेगळ्या, सवयी वेगळ्या. कोणी खलनायक नाही. प्रत्येकाकडे बोलायला एक गोष्ट आहे आणि कॅमेरा ती संपेपर्यंत थांबतो. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतो. पार्श्वसंगीत दणदणून ‘आता घाबरा’, ‘आता रडा’ असं सांगत नाही.

लेकीला सगळ्यांत जास्त काय भिडलं तर सभेत पंधरा स्त्रिया होत्या हे. हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, दाक्षायणी वेलायुधन. “पुस्तकात एवढ्या नाहीत,” म्हणाली. दाक्षायणी त्या सभेतल्या एकमेव दलित स्त्री. ते कळल्यावर तिनं मालिका थांबवून त्यांच्याबद्दल शोधून वाचलं, मगच पुढे जाऊ दिलं.

बाबांचं लक्ष खेडेकरांवर. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जादा गाड्या सुटायच्या आणि बाबांची ड्युटी ठरलेली. टपापर्यंत भरलेली गाडी, बायका कडेवर लेकरं घेऊन पांढऱ्या साड्यांत, अर्ध्या रात्री अजनीवर उतरणारी गर्दी, आणि दीक्षाभूमीपर्यंत चालत जाणारी ती ओळ. “एकानंही चेन ओढली नाही कधी,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

शेवटचा भाग लावण्याआधी मी डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढून दोघांना वाचून दाखवलं. २६ जानेवारीला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल ठेवणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असं ते त्या दिवशी सांगत होते. संविधान स्वीकारलं जाण्याच्या आदल्या दिवशी! आनंदाच्या दिवशी एवढं कडू खरं बोलायचं आणि सभेनं ते ऐकून घ्यायचं. वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. लेक काही बोलली नाही, फक्त सोफ्यावरून उठून खाली आजोबांच्या पायाशी येऊन बसली.

ज्यांच्या घरात आठवीच्या पुढचं मूल आहे त्यांनी ही मालिका बघावी, मुलासोबत बसून. भाषा हिंदी-इंग्रजी मिसळलेली आहे. अधूनमधून थांबवून समजावून सांगावं लागतं. थांबवा. आमच्याकडे दहा भागांना बारा दिवस लागले.

रविवार, रात्री

‘यात्रा’च्या शेवटाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

तेव्हा अनेक मालिका तेरा भागांच्या असत, आठवड्याला एक धरून वर्षाचा चौथा हिस्सा. करणाऱ्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असायचं की आपल्याला कुठे पोचायचंय. त्यामुळे मधलं एकही स्टेशन उगाच येत नसे. ‘यात्रा’ काय, ‘संविधान’ काय, गरज होती तेवढ्याच लांबीच्या. हे गुण हल्ली कोणी मोजत नाही.

शेवटचा भाग झाला तेव्हा बाबा बराच वेळ तसेच बसले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, “तुझ्या आईनं सांगितलं होतं, अगदी तस्संच आहे.” थोड्या वेळानं पुन्हा, “तिनं एवढं नीट पाहिलं होतं.”

गार्डचं जर्नल, म्हणजे गाडीच्या वेळांची नोंदवही, लिहायची सवय त्यांची अजून गेलेली नाही. दूधवाला किती वाजता आला, लाइट कधी गेले, सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलनं लिहितात. मी आत्ता पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी लिहिलंय: ‘हिमसागर सुटली, २१.४०.’ आणि शेवटच्या भागाच्या तारखेला: ‘पोचली.’ वेळ लिहिलेली नाही.

उद्यापासून अमरावतीचे राहिलेले भाग. बाबांना सांगितलंय, ही विदर्भातली नाही.