आमची वाटचाल : सुरी जिच्या हातात, तिच्या मालकीची

आमचं केटरिंगचं काम घरगुती आहे. नागपूरच्या नंदनवनात घरामागच्या शेडमध्ये भट्ट्या, सामान न्यायला एक छोटा हत्ती आणि वर्षभर कामाला असलेल्या बाया. साक्षगंध, बारसं, वास्तुशांत, तेरवी, छोटी लग्नं. पन्नास पानांपासून चारशे पानांपर्यंतचं काम आम्ही घेतो, त्याच्या वर गेलं की हात जोडतो. मेन्यू आपल्याच भागातला: सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर), पाटोडी-रस्सा, वडाभात, गोळाभात, भरीत, आणि कुणी मागितलं तर सावजी मटण. काम वाढलं ते मसाल्यामुळे असं पाहुणे म्हणतात. मसाला आमचा चांगलाच आहे. पण मला विचाराल तर आमच्या धंद्याची गोष्ट मी सुऱ्यांपासून सांगेन.

केटरिंगमध्ये शिजवण्यापेक्षा जास्त वेळ निवडण्यात आणि चिरण्यात जातो. तीनशे पानांचा रस्सा एकदा चुलीवर चढला की एक माणूस पुरतो. त्या रश्श्याचा कांदा, लसूण, सांबार मात्र आदल्या दुपारपासून चालू असतं. सुरुवातीची काही वर्षं आम्ही बाजारातून डझनाने सुऱ्या आणायचो, प्लास्टिकच्या मुठीच्या, पातळ पत्र्याच्या. कांद्याचं दुसरं पोतं फोडेपर्यंत त्यांची धार गेलेली असायची. मग बाया जोर लावायच्या. जोर लावला की सुरी घसरते, आणि संध्याकाळी मनगटं सुजतात.

जेवणावर काय परिणाम होतो तो सांबारवडीत सगळ्यात आधी कळतो. सांबार कोरडा आणि बारीक चिरला गेला तर सारण मोकळं राहतं. सुरी बोथट असली की पान कापलं न जाता चेचलं जातं, पाणी सोडतं, कडेने काळं पडतं. अशा सारणाची वडी तेलात फुटते. कांद्याचंही तेच. डोळ्यांना झोंबणारा वायू कांद्याच्या पेशी फुटल्यावर तयार होतो. धारदार पात्याने कमी पेशी चिरडतात, म्हणून डोळेही कमी झोंबतात आणि कांदा उग्र लागत नाही. पोतंभर कांदा चिरणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

आमच्या लोहारदादांचा पत्ता लागला तो इतवारीतल्या लोहा ओळीत. माझे यजमान शेगडीचा स्टँड करून घ्यायला गेले होते, तिथल्या दुकानदाराने सांगितलं की कामठी रोडकडे एक जण हाताने सुऱ्या घडवतात, पण लवकर देत नाहीत. दादांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विळे, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा, म्हणजे पाती, व्हायच्या. ट्रॅक्टर आले तसं वखराचं काम कमी झालं आणि ते स्वयंपाकघराच्या पात्यांकडे वळले. मी फोन करून सहा सुऱ्या मागितल्या. ते म्हणाले, "ताई, सुरी कोणासाठी पाहिजे ते सांगा. मले हात पाहू द्या पहिले."

आणि खरंच ते आले. सकाळभर शेडमध्ये एका स्टुलावर बसून राहिले, चहा घेतला, फारसं बोलले नाहीत. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या साक्षगंधाची तयारी करत होतो. कोणाच्या बोटांची पेरं पाटावर आपटतात, कोण सुरीच्या पाठीवर अंगठा ठेवून चिरतं, कोण मूठ मागून धरतं, कोणाचा हात डावा, सगळं त्यांनी एका वहीत लिहून घेतलं. मोठ्या काकूंचा तळहात त्यांनी कागदावर ठेवून पेन्सिलने आखला. काकूंना आधी हसू आलं, मग त्या गप्प झाल्या. चाळीस वर्षं स्वयंपाक केला, पण त्यांच्या हाताचं माप कोणी घेतलं नव्हतं. जाताना दादा मला म्हणाले, "तुमच्या बाया सुरी दाबून राहिल्या. दाबाले लागते म्हणजे धार नाही जी."

पहिल्या सुऱ्या यायला पावसाळा उजाडला. मी अधूनमधून त्यांच्या भट्टीवर जायचे आणि काम बघायचे. लोकांना वाटतं जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची सुरी सगळ्यात उत्तम. पाट्याचं पोलाद चांगलं असतं यात शंका नाही, पण वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या पाट्यात न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात. दादा त्याच्या विळ्या करतात. सुरीसाठी ते ईएन-३१ची नवी पट्टी घेतात. हे बेअरिंगचं पोलाद, त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १ ते दीड टक्का क्रोमियम असतं. घडवून, कानस मारून पातं आकाराला आलं की पाणी द्यायचं, म्हणजे तापवून आणि बुडवून कडक करायचं, काम ते दिवेलागणीनंतर करतात, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग अंधारातच नीट ओळखता येतो. शेजारी चुंबक टांगलेला असतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर नेऊन, सगळीकडे सारखा रंग आला की पातं कोमट तेलात बुडवायचं. या पोलादाला साध्या पाण्यात बुडवलं तर तडा जायची भीती असते. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक आणि तेवढंच ठिसूळ असतं, कानस त्यावरून घसरते. मग ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा ठेवतात. पात्यावर फिका पिवळा रंग चढतो, ठिसूळपणा जातो आणि धार धरण्याइतका कडकपणा राहतो. कडकपणा मोजायच्या रॉकवेलच्या मापात ५८ ते ६०.

मुठी धावड्याच्या. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा करतात, कारण तो चिवट असतो आणि घाव खाऊन तडकत नाही. सागवान मी मागितला होता, दादांनी नाही म्हटलं. ओल्या हातात त्यांना धावडाच पटतो. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड जातं आणि पितळी खिळ्यांनी बसवलेलं असतं.

मोठ्या काकूंची सुरी रुंद आली, टाचेकडे म्हणजे मुठीजवळ उंच, म्हणजे पेरं पाटावर आपटायला नकोत. कामठीच्या ताई डावखुऱ्या, त्यांच्या सुरीची धार दोन्ही अंगांनी सारखी न घेता डाव्या हाताच्या अंगाने घासलेली. आमच्या एका मावशींना सुरी जमतच नाही, त्या आयुष्यभर पावशीवर, म्हणजे विळीवर, बसल्या. त्यांच्यासाठी दादांनी पाट्याच्या पोलादाची पावशी केली, आणि लाल भोपळा, फणस, सुरण त्यांच्याकडेच असतो. बसून दोन्ही हातांनी भाजी पात्यावर ढकलायची ही पद्धत कठीण सालीच्या भाजीला आजही सगळ्यात सुरक्षित आहे, असं माझं मत आहे. मटणासाठी वेगळा जाड सत्तूर आहे. पातळ सुरी हाडावर मारायची नाही, हा आमच्या शेडमधला पहिला नियम.

संत्र्याने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कळमन्याच्या बाजारात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्या दिवसांत आमच्याकडे संत्र्याची बासुंदी आणि बर्फी असतेच. पण आंबट रस कार्बन पोलादाला लागला की पातं काळवंडतं आणि फोडींना लोखंडाची चव येते. कैरीचं तसंच. कच्ची केळी आणि वांगी चिरतानाही फोडी काळ्या पडतात. म्हणून फळांसाठी दादांनी ४४०सी या स्टेनलेस पोलादाच्या दोन सुऱ्या केल्या. त्याला पाणी द्यायला हजार अंशांच्या वर नेमकं तापमान धरावं लागतं, ते कोळशाच्या भट्टीत होत नाही. ती पाती त्यांनी हिंगणा एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यातून करून आणली. हाताने घडवणारा माणूस कुठे थांबावं आणि कुठे यंत्राकडे जावं हे ओळखतो, म्हणून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

बाकीच्या पात्यांवर वापराने निळसर करडा थर चढतो. नवीन मुली तो घासून काढायला जातात. तो राहू द्यायचा, त्याने तांबडा गंज आवरला जातो. तरीही अशी सुरी सांभाळावी लागते, हे मान्य करूनच ती घ्यावी. काम झालं की लगेच धुवायची, भांड्यांच्या टबात टाकायची नाही, कोरड्या फडक्याने पुसून उभी ठेवायची. पावसाळ्यात रोज रात्री तेलाचं बोट. सोयाबीनचं तेल लावलं तर काही दिवसांत चिकट थर बसतो, म्हणून आम्ही खोबरेल वापरतो. डिसेंबरात ते थिजतं, तेव्हा बाटली भट्टीशेजारी ठेवायची. धार दर आठवड्याला १००० नंबरच्या धारेच्या दगडावर, पाणी टाकून, हाताने. ते काम कामठीच्या ताई करतात. दादांनी त्यांना दोन दुपारी बसवून शिकवलं, आणि आता ताईंचा हात दादांसारखाच चालतो.

चाकावर धार लावायची नाही याचं कारणही सांगते. एका लग्नाच्या ठिकाणी घाईत मदतनीस पोराने सुरी सायकलवरच्या धारवाल्याकडून लावून आणली. चमकत होती. पण टोकाकडे बोटभर निळा डाग होता. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात ३०० अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्या जागेचं पाणी उतरतं. पुढच्या आठवड्यात टोमॅटोची साल तिथे सुटेना. दादांनी निळा भाग पूर्ण जाईपर्यंत पातं दगडावर घासलं. सुरी वाचली, अर्ध्या बोटाने आखूड झाली. धारवाल्याची त्यात चूक नाही, बाजारातल्या सुऱ्यांना त्याचं चाक चालतंच.

पैशांचं बोलायला हवं. एक सुरी साडेतीन-चार हजारांच्या घरात जाते. यजमान सुरुवातीला म्हणाले, एवढ्यात बाजारातल्या वीस येतील. येतील, आणि वर्षात वीसही जातील. आमची पहिली सुरी अजून कामात आहे. चिरण्याचा वेळ कमी झाला तशी रात्रीची हजेरी कमी झाली, बाया शेवटच्या बसने घरी जाऊ लागल्या, आणि त्याच हातांवर आम्ही मोठी कामं घेऊ शकलो. दीडशे पानांवरून चारशेवर आम्ही गेलो ते असे.

२०२० मध्ये सगळं थांबलं. मे महिन्यात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि पुढच्या तारखा रद्द झाल्या. आम्ही डबे सुरू केले. दादांकडेही काम नव्हतं. त्यांनी मागितलं नाही, पण मी तेव्हाच उरलेल्या सगळ्या सुऱ्यांची ऑर्डर दिली आणि अर्धे पैसे हातावर ठेवले. यजमानांना ते पटायला वेळ लागला. मला आजही वाटतं, त्या वर्षात आम्ही घेतलेला तोच सगळ्यात शहाणा निर्णय. आपल्या धंद्याला हत्यार देणारा माणूस उठून दुसऱ्या कामाला गेला असता, तर पुन्हा असा हात मिळाला नसता.

त्याच काळात दुसरं एक ठरवलं. सुरी ज्या बाईच्या हाताच्या मापाची, ती तिची. फर्म पैसे देते, पगारातून काही कापत नाही, आणि एक हंगाम पुरा केला की सुरी तिच्या नावावर. केटरिंगमधल्या ओळखीच्यांनी सांगितलं, बाई काम सोडेल आणि सुरी घेऊन जाईल. गेली तर जाऊ दे. डावखुरी सुरी माझ्याकडे ठेवून मी काय करणार? आमच्याकडच्या एकीने वाडीला स्वतःचे डबे सुरू केले, सुरी घेऊन गेली. आजही मोठं काम आलं की मी तिला बोलावते, आणि ती आपली सुरी घेऊन येते. आपली वस्तू असली की माणूस ती धुतो, पुसतो, दुसऱ्याला पटकन देत नाही. सुऱ्या हरवण्याचा प्रकार तेव्हापासून बंद झाला.

बाहेरगावच्या कामाला सुऱ्या जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत जातात, प्रत्येकीला आपला कप्पा. निवडणुकीच्या दिवसांत वर्ध्याकडे जाताना नाकाबंदीत गाडी थांबवली. हवालदारांनी गुंडाळी उघडून सत्तूर बाहेर काढला. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. ऑर्डरचा कागद, अन्न परवान्याची प्रत आणि मागे पातेल्यांची रास पाहून त्यांनी जाऊ दिलं. तेव्हापासून ते दोन्ही कागद गुंडाळीच्या खिशातच असतात. केटरिंग करणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं.

आता दादांचा पुतण्या भट्टीवर बसतो. त्याच्या हातची पहिली पाती मी घेतली आहेत. पाठ थोडी जाड आहे, पण पाणी बरोबर बसलंय. मृग बहाराच्या आधी आम्हाला अजून दोन स्टेनलेसच्या सुऱ्या आणि नव्याने आलेल्या दोघींसाठी रोजच्या सुऱ्या हव्या आहेत. दोघींच्या हातांची मापं वहीत गेली आहेत. आमच्यामार्फत कोणी दादांकडे सुरी करायला टाकणार असेल, तर चार महिन्यांची तयारी ठेवा, उन्हाळ्यात भट्टी फक्त पहाटे चालते. आणि वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत आणा. भेट द्यायची आहे, गुपचूप करून द्या, असं म्हटलं की ते ऑर्डर घेत नाहीत.