दुखलं की व्यायाम

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या, गुडघ्याच्या झिजेच्या पेशंट, वय बासष्ट. तीन आठवड्यांनी आल्या त्या हेच सांगत: "मॅडम, व्यायामाचा काही गुण आला नाही. आज मशीनच लावा."

मी वही मागितली. पहिल्या दिवशीच आखून दिलं होतं: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून मांडी घट्ट, 5 सेकंद धरायचं, 10 वेळा, मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. वहीत चार दिवस कोरे, एका दिवशी 40, पुन्हा तीन दिवस कोरे. आळस असता तर हे 40 कुठून आले?

"दुखलं की करते. फार दुखलं की जास्त करते."

गोळीसारखाच घेत होत्या त्या व्यायाम. करून दाखवायला सांगितलं, तर श्वास कोंडलेला, उचललेला गुडघा वाकलेला आणि दुसरा पाय दुमडायचा तो सरळच, त्यामुळे कंबर ताणत होती. मांडीला काम पडतच नव्हतं.

"गुडघे घासलेत, वंगण संपलं" असं कुणीतरी एक्स-रे दाखवून सांगतं आणि हालचाल म्हणजे आणखी झीज हे डोक्यात पक्कं बसतं. कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण पोचतं. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती कुणी देत नाही, याचा मला राग येतो. आणि आम्ही फिजिओथेरपिस्टही पहिल्या दिवशी शेकाचं मशीन लावून खरा उपचार तोच असं शिकवून ठेवतो. शेकाने थोडा वेळ हलकं वाटतं, ताकद वाढत नाही.

मशीन लावलं नाही. नवं ठरवलं: दुखो न दुखो, रोज तेवढंच. दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा, पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरायला हवं. नाही उतरलं तर व्यायामाचा आकडा निम्मा करायचा, बंद नाही करायचा.

सहा आठवड्यांनी हात छातीशी बांधून खुर्चीतून उठ-बस मोजली. 30 सेकंदांत पूर्वी 7, आता 11. जिनाही कठडा न धरता चढल्या. दुखणं किती, विचारलं तर म्हणाल्या, "तेवढंच, पाच."

वहीत मी दोन्ही आकडे लिहिले. त्यांनी 11 कडे पाहिलंच नाही, पाचवर बोट ठेवून विचारलं, "हे कधी कमी होणार?"